वाडीवरची लाल रेघ

माझ्याकडे रविवारी सकाळी सात-आठ मुलं मराठी वाचायला येतात. दांडियाबाजार, बाबाजीपुरा, रावपुरा या बडोद्यातल्या जुन्या भागांतली काही, काही लांबच्या नव्या वस्त्यांतली. शाळेची भाषा इंग्रजी, खेळायची भाषा गुजराती आणि मराठी ही आजीशी बोलायची. त्यांतल्या सातवीतल्या एका मुलीनं मराठी निबंध स्पर्धेत भाग घेतला होता. विषय होता घरातला आनंदाचा दिवस. तिनं आत्याच्या लग्नावर लिहिलं : 'लग्न वाडीत होतं. वाडीच्या दाराशी आजोबा सकाळपासून उभे होते, कारण त्यांना सगळ्यांना आधी भेटायचं होतं.' तपासलेला कागद परत आला तेव्हा 'वाडी'वर लाल रेघ होती, दोन्ही ठिकाणी. समासात शेरा होता : 'वाडी म्हणजे खेडे. मंगल कार्यालय असे लिहावे.' दाराशी उभ्या राहिलेल्या आजोबांबद्दल एक अक्षर नव्हतं.

कागद आईवडिलांनी पाहिला, त्यांनी शेजाऱ्यांना दाखवला, आणि गणपतीत एका संध्याकाळी आरती झाल्यावर, प्रसादाची वाटी हातात असतानाच या विषयाला तोंड फुटलं. अर्ध्या तासात दोन तट पडले. एक तट म्हणाला, ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आता तरी आपण बडोदेकरांनी हे गुजरातीमिश्रित बोलणं सोडायला हवं. परीक्षकांनी केलं ते योग्यच. दुसरा तट म्हणाला, भाषा नदीसारखी असते, तिला वाहू द्यावं. समजलं ना, मग झालं. आवाज चढले, कुणीतरी पुण्याचं नाव काढलं, कुणीतरी गायकवाडांचं. पण त्या अर्ध्या तासात 'वाडी' या शब्दाकडे एकानंही नीट पाहिलं नाही. मला वाईट वाटलं ते त्याचं.

माझं म्हणणं आधीच सांगते. मुलीचा शब्द बरोबर होता आणि रेघ चूक होती. मात्र 'चालतं हो' म्हणून तिची बाजू घेणाऱ्यांनीही तिचं भलं केलं नाही. एका शब्दाला चार अर्थ असतात तेव्हा मुलाला त्यांतला एकच ठाऊक असणं ही काळजीची गोष्ट आहे, मग तो एक अर्थ पुण्याचा असो की बडोद्याचा. आपलं काम अर्थ खोडण्याचं नाही, उरलेले तीन तिच्या पदरात घालण्याचं आहे.

मुळात वाडी म्हणजे काय? संस्कृतात 'वाट' या शब्दाचा एक अर्थ आहे कुंपण, कुंपणानं वेढलेली जागा. वाडा, वाडी, वाटिका ही सगळी त्या कुळातली मंडळी. गुजरातीत कुंपणाला आजही 'वाड'च म्हणतात. कुंपणाच्या आत झाडं लावली की ती नारळी-पोफळीची वाडी, आणि घरं उभी राहिली की गावापासून जरा बाजूला पडलेली वस्ती, तीही वाडी. बंगालीत हाच शब्द 'बाडी' होऊन थेट घराच्या अर्थाला पोचला. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात कुंपण घातलेली बागेची जागा आणि शेतकऱ्यांच्या घरांचा पुंजका, हे दोन्ही अर्थ आहेत. मुंबईत गिरगावात गेलात तर फणसवाडी, कांदेवाडी, केळेवाडी. नावं बागेची, आत चाळी. म्हणजे बागा गेल्या, माणसं राहायला आली, तरी नाव तेच राहिलं आणि त्याचा अर्थ पालटला. कोल्हापूर-सांगलीकडचा माणूस 'वाडीला जाऊन आलो' म्हणाला की त्यानं नरसोबाच्या वाडीला दत्ताचं दर्शन घेतलं असं समजायचं. तेच वाक्य सिंधुदुर्गात कानावर पडलं तर तो सावंतवाडीला बाजाराला गेला होता. डोहाळजेवणात फुलांची वाडी भरतात, तिथं तर जागेचा संबंधच नाही. वेणी, बाजूबंद, कमरपट्टा सगळं फुलांचं आणि त्या साऱ्या साजाला मिळून वाडी. कोकणात पितृपक्षात कावळ्यासाठी पान वाढून ठेवतात त्यालाही वाडी म्हणतात. या सगळ्या वाड्यांना 'खेडे' हा एक शब्द पुरा पडेल का?

गुजरातीत वाडी म्हणजे मळा, बाग. शिवाय ज्ञातीची वाडी, म्हणजे समाजाच्या मालकीची जागा, जिथं लग्नं होतात, मुंजी होतात, तेराव्याची जेवणंही होतात. ज्ञातीच्या पंगती पूर्वी मळ्यातल्या सावलीत बसत असणार, पुढे त्याच जागेवर छप्पर आलं असणार. हा अर्थ मुंबईच्या मराठी माणसालाही नवा नाही, 'महाजनवाडी' ही पाटी त्यानं वाचलेली असते. आणि बडोद्यात? आमच्या भागातल्या वाडीत शिरलं की डाव्या हाताला चपलांचा ढीग, पुढे फरसबंदी चौक, चौकाभोवती वऱ्हाडाच्या खोल्या, मागे चुलाण्यांची जागा. तिथल्या भिंती धुरानं इतक्या काळ्या झाल्यात की चुना मारला तरी आठ दिवसांत खालचा काळा वर येतो. भाड्याच्या पावतीवर 'वाडी भाडे' लिहून मिळतं. भांड्यांची यादी वेगळी : पातेली, पराती, कढया, झारे, मोजून घ्यायची, मोजून परत करायची. माझं लग्न अशाच एका वाडीत झालं, माझ्या मुलीचंही. त्या जागेला मंगल कार्यालय म्हणताना मी कुणालाही ऐकलेलं नाही. त्या मुलीनं जागेचं खरं नाव लिहिलं. तिच्या जागी आपण असतो तर काय लिहिलं असतं?

आता सुचवलेल्या शब्दाकडे पाहू. कार्यालय. महाराष्ट्राबाहेरच्या कुणाही हिंदी माणसाला विचारा, कार्यालय म्हणजे ऑफिस. महाराष्ट्रातही तहसील कार्यालय, टपाल कार्यालय, पक्षाचं कार्यालय, सगळीकडे टेबल-खुर्ची-फायली. आणि तोच पुणेकर 'रविवारी कार्यालयात लग्न आहे' म्हणतो तेव्हा कुणाच्या डोळ्यांपुढे फायली येत नाहीत. का? कारण 'कार्य' हा शब्द मराठीत फार सोसून आहे. 'आमच्याकडे कार्य आहे' म्हणजे लग्न किंवा मुंज. 'दिवसकार्य झालं' म्हणजे घरातलं माणूस गेलं. 'कार्यकर्ता' मात्र मांडवाखालचा नव्हे, चळवळीतला. एका घराचं सुख, दुसऱ्या घराचं दुःख आणि तिसऱ्याची नोकरी हे सगळं एकाच शब्दात राहतं, आणि मराठी माणसाचा एकदाही गोंधळ उडत नाही. मग 'वाडी'ला दोन अर्थ आहेत म्हणून ती खोडायची आणि तिच्या जागी तीन अर्थांच्या 'कार्य'वर उभं असलेलं 'कार्यालय' लिहायला सांगायचं, हे कुठलं शास्त्र? महाराष्ट्रात अलीकडे लग्नाच्या जागांना 'लॉन्स' म्हणतात. लॉन म्हणजे हिरवळ, बागेतली मोकळी जागा. बागेचा शब्द लग्नाच्या जागेला लागला. 'वाडी' ज्या रस्त्यानं गेली त्याच रस्त्यानं 'लॉन' गेलं. इंग्रजी शब्दाला ती वाट मोकळी आणि आपल्याच कुळातल्या शब्दाला बंद?

बालवाडीची गोष्ट मला इथं सांगितलीच पाहिजे, कारण तिच्यात मराठी आणि गुजराती दोन्हींचा हात आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करायला गेल्या, तिथं बालशिक्षणाचं सारं नवं शास्त्र त्यांनी अंगी बाणवलं, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, आणि पुढे बोर्डी-कोसबाडला अनुताई वाघांच्या सोबतीनं त्यांनी जे उभं केलं त्यातून बालवाडी आणि अंगणवाडी हे शब्द आपल्याकडे रुजले. १९७५ साली २ ऑक्टोबरला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा 'अंगणवाडी' देशभर गेली. आज तमिळनाडूतल्या नि आसामातल्या बाईलाही तो शब्द ठाऊक आहे. या शब्दातली वाडी कुठली? खेडं? मुलांचं खेडं? तिथं वाडी म्हणजे बाग, जिथं रोपं जपून वाढवतात. महाराष्ट्रातल्या शहरी बोलण्यातून बागेचा अर्थ जवळजवळ गेला, कोकणापुरता उरला; पण ताराबाईंच्या शब्दात तो जिवंत राहिला आणि शेजारच्या गुजरातीत तर रोजच्या वापरात आहे. ज्यांनी समासात 'वाडी म्हणजे खेडे' लिहिलं ते स्वतः बालवाडीत शिकले असतील.

एवढं सांगूनही समोरच्या तटाचा जो खरा मुद्दा आहे तो उरतोच, आणि तो मी हलका करणार नाही. त्यांची भीती शब्दाची नाहीच, भाषेची आहे. चहूकडून दुसऱ्या भाषेनं वेढलेली लहान भाषा एका दिवसात जात नाही. आधी शब्दांचे अर्थ बदलतात, मग क्रियापदं, मग वाक्याची घडण, आणि शेवटी एक पिढी अशी येते जिला आजीचं बोलणं कळतं पण उत्तर दुसऱ्या भाषेत येतं. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या भावाच्या घरी चार नातवंडं आहेत. त्यांतल्या थोरल्याशी मी मराठीत बोलते, तो मराठीत बोलतो. धाकटीशी मी मराठीत बोलते, ती गुजरातीत उत्तर देते, प्रेमानं, मांडीवर बसून. सहा वर्षांचं अंतर आहे दोघांत. १९०९ साली ज्या शहरात मराठी साहित्य संमेलन भरलं आणि २०१८ च्या फेब्रुवारीत पुन्हा भरलं, त्या शहरात हे चाललं आहे. तेव्हा लाल पेन हातात घेणाऱ्याच्या मनातली धास्ती मला कळते. ती माझीही आहे.

पण मग विचारते, गळती नेमकी कुठून होते आहे? 'वाडी'ला बडोद्यात एक जास्तीचा अर्थ मिळाला म्हणून? की बाकीचे अर्थ कुणी सांगितलेच नाहीत म्हणून? त्या मुलीला मी विचारलं, नरसोबाची वाडी माहीत आहे? नाही. नारळाची वाडी? नाही. फुलांची वाडी? तिच्या आईच्या डोहाळजेवणाचा फोटो घरात भिंतीवर आहे, पण त्या साजाला काय म्हणतात ते तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. गेलं ते हे. लाल रेघेनं यांतलं काय परत आणलं? तिच्याकडे वाडीचा एकच अर्थ होता, तोही खोडला. आता तिच्याजवळ त्या शब्दाचं काहीच नाही, आणि पुढच्या वेळी ती 'हॉल' लिहील. हॉलवर कुणी रेघ मारणार नाही. गुजरातीत म्हणतात, 'वाड चीभडां गळे', वाडच चिबडं गिळायला लागली. आपल्याकडे कुंपणच शेत खातं. दोन भाषांनी तेच दुःख दोन शब्दांत सांगून ठेवलं आहे, आणि ही म्हण मला त्या कागदाकडे पाहताना सारखी आठवत राहिली.

दुसरा आक्षेप नेमकेपणाचा. एका शब्दाचे दहा अर्थ घेऊन बसलात तर गोंधळ होईल, आणि काही वेळा तो महागात पडेल. खरं आहे. याचं माझ्यापुरतं सगळ्यात बोचरं उदाहरण 'अपघात'. मराठीत अपघात म्हणजे गाडीची धडक, पाय घसरून पडणं. गुजरातीत 'आपघात' म्हणजे आत्महत्या, आणि आपल्या अपघाताला ते 'अकस्मात' म्हणतात, जो आपल्याकडे 'अचानक' या अर्थाचा शब्द आहे. आता रात्री दवाखान्यात घाबरलेली मराठी बाई 'आमच्या ह्यांचा अपघात झाला' म्हणते आणि समोरची गुजराती परिचारिका एका 'आ'च्या फरकानं काय ऐकते, याचा विचार करा. इथं मी म्हणणार नाही की दोन्ही चालतं. इथं कुठला अर्थ, कुणासमोर, हे कळलंच पाहिजे. तीच गोष्ट 'राजीनामा'ची. आपल्याकडे नि गुजरातीत तो नोकरी सोडतानाचा कागद, आणि इंदूर-ग्वाल्हेरच्या कोर्टात दोन्ही पक्षांची तडजोड.

पण या उदाहरणांतून निष्कर्ष काय निघतो? त्या बाईला वाचवणारी गोष्ट कुठली, तिला 'अपघात'चा एकच अर्थ पाठ असणं की दोन्ही ठाऊक असणं? एकच शुद्ध अर्थ पाठ असलेली बाईच तिथं अडकते. जिला दोन्ही कळतात ती 'गाडीनं उडवलं' म्हणून मोकळी होते. नेमकेपणा हवा असेल तर शब्दाचे सगळे अर्थ ओळखीचे असावे लागतात, म्हणजे नको तो बाजूला ठेवता येतो. कायदासुद्धा हेच करतो. कुठलाही अधिनियम उघडा, सुरुवातीला व्याख्या असतात : या अधिनियमात अमुक शब्दाचा अर्थ अमुक. एका कामापुरता एक अर्थ धरायचा तर आधी तसं सांगावं लागतं, कारण शब्दाला आणखी अर्थ आहेत हे कायदा करणाऱ्याला माहीत असतं.

आणि बडोद्याला तर हे शिकवायला बाहेरून कुणी यायची गरज नाही. राजा मराठी, प्रजा बहुतांश गुजराती, वरून इंग्रजांचा रेसिडेंट, जुन्या दप्तरात फारसी. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि कायदा-कारभाराची भाषा लोकांना कळावी यासाठी शब्दांचं कामही मनावर घेतलं. १९३१ साली 'सयाजी शासन शब्दकल्पतरू' निघाला. आठ भाषांतले कारभाराचे शब्द, शेजारी शेजारी. हा कोश मला फार मोलाचा वाटतो तो त्याच्या या मांडणीमुळे. शेजारच्या रकान्यातला शब्द खोडून आपला लिहिलेला नाही. ज्याला राज्य चालवायचं होतं, ज्याला नेमकेपणाची गरज तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी जास्त होती, त्यानं आठही शब्द नांदू दिले आणि कुठला कुठे वापरायचा याची सोय केली.

त्याआधीचा दाखला सगळ्यांना माहीत आहे, पण अर्धाच सांगितला जातो. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. शुद्धीच्या बाजूनं बोलणारे हा दाखला देतात आणि त्यांचा आदर योग्यच आहे. ती स्वराज्याची गरज होती, स्वतःच्या राज्याला स्वतःची वाणी हवी होती. पण पुढे काय झालं? पेशव्याचं नाव मुख्य प्रधान झालं. लोक पेशवाच म्हणत राहिले आणि इतिहासानंही तेच नाव ठेवलं. दुसरीकडे अमात्य, सचिव हे शब्द टिकले. सचिव तर आज प्रत्येक मंत्रालयात आहे. आणि अठराव्या शतकात त्याच मराठी राज्यात गायकवाडांचा किताब काय होता? सेनाखासखेल समशेर बहादर. संस्कृत 'सेना', अरबी 'खास', फारसी 'समशेर', सगळे एकाच मानकऱ्याच्या नावापुढे हातात हात घालून. ते मराठी नव्हतं म्हणायची कुणाची छाती होती?

याच बडोद्यात १८९४ साली जन्मलेल्या माधव ज्यूलियनांनी आधी फारसी-मराठी कोश केला आणि नंतर भाषाशुद्धीचा कैवार घेतला. त्यांचा मोठेपणा असा की जे काढून टाकायचं म्हणत होते ते त्यांना मुळापासून येत होतं. फारसी शब्दाची प्रत्येक छटा ठाऊक असलेल्या माणसानं तो शब्द नाकारणं आणि वाडीचा एकच अर्थ माहीत असलेल्यानं वाडी खोडणं, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आजच्या वादातल्या किती शुद्धिवाद्यांना गुजराती वाचता येतं?

सावरकरांच्या चळवळीतून आलेला 'दिनांक' घ्या. तो रुजला, चांगला रुजला. पण त्यानं 'तारीख' घालवली का? अर्जावर दिनांक असतो. कोर्टात तारीख पडते. लग्नाची तारीख काढतात. 'दिनांक पडला' असं म्हणून बघा, कानच नको म्हणतात. दोन शब्द एका अर्थाचे म्हणून शेजारी राहायला आले आणि बघता बघता त्यांनी कामं वाटून घेतली. शहराच्या नावाचंही तेच. १९७४ पासून अधिकृत नाव वडोदरा. पत्त्यावर मी वडोदरा लिहिते, रेल्वेचं तिकीट वडोद्याचं नव्हे, वडोदराचं काढते, आणि कुणी कुठली म्हणून विचारलं तर बडोद्याची म्हणते. माझ्या तोंडी ते दोन शब्द एकमेकांच्या जागी कधी येत नाहीत.

म्हणूनच शाळेतल्या समानार्थी शब्दांच्या याद्यांबद्दल माझी खरी तक्रार आहे. पाणी = जल, नीर, उदक, तोय, जीवन. मुलं पाठ करतात, मार्क मिळवतात. पण पाणी पाजणं म्हणजे तहान भागवणंही आणि हरवणंही, हे त्या बरोबरच्या चिन्हात कुठे मावतं? तोंडाला जल सुटत नाही. उदक सोडलं जातं, पण उदक तापवत नाहीत. खातं जलसंपदेचं असतं आणि नळाला मात्र पाणी येतं, किंवा येत नाही. यादीनं मुलाला वाटतं की शब्द सुटे भाग आहेत, एक काढून दुसरा बसवला तरी यंत्र चालतं. त्या निबंधावरची रेघ याच समजुतीतून आलेली आहे : वाडी = खेडे. ज्यानं ही बरोबरी पाठ केली त्याला वाक्य वाचायची गरजच उरली नाही. 'लग्न वाडीत होतं' हे वाक्य सबंध वाचणाऱ्याला, त्यानं आयुष्यात गुजरात पाहिलं नसलं तरी, जागा कळते.

आता 'चालतं हो' म्हणणाऱ्यांकडे वळते. त्यांना मी नदीची उपमा पुन्हा ऐकवू नका असं सांगेन. नदी आपोआप वाहते. भाषा कुणीतरी मुलाशी बोललं तरच पुढे जाते. 'समजलं ना, मग झालं' हे वाक्य आळसाचं आहे. समजायला तर खुणाही पुरतात. या मंडळींनी मुलीच्या वतीनं भांडण केलं, पण तिला वाडीचा दुसरा अर्थ सांगायला त्यांच्यातला एकही बसला नाही. आमच्या वाड्यांतल्या मराठी बायका शेजारणीनं 'नवरी छे?' म्हणून विचारलं की क्षणभर हसायच्या आणि 'हो, मोकळी आहे' म्हणायच्या. त्यांना नवरी म्हणजे वधूही ठाऊक होती आणि गुजरातीत नवरी म्हणजे रिकामी, हेही. ते हसू दोन्ही अर्थ माहीत असल्याचं होतं. आजच्या मुलाला एकच अर्थ माहीत असेल तर त्याला हसू येणार नाही आणि काही हुकलं हेही कळणार नाही. सहज वाहू दिलेल्या भाषेत हे असं नकळत जातं.

आणि काही ठिकाणी शब्द बदलायलाच हवा, हेही मान्य करते. २०२० च्या डिसेंबरात महाराष्ट्र शासनानं जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचं ठरवलं तेव्हा 'परंपरेचा शब्द आहे, राहू द्या' असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नव्हते. जो शब्द माणसाला त्याच्या घराच्या पत्त्यातच कमी लेखतो तो गेला पाहिजे. तिथं दुखावणारा भाग होता जातीचं नाव, 'वाडा' नव्हे. कुणाला काय बोचतं हे पाहून निर्णय झाला. 'लग्न वाडीत होतं' यानं कुणाला बोचलं?

बडोद्यात शेव-उसळ खाल्लेल्या कुणालाही मी काय म्हणते ते कळेल. महाराष्ट्रात उसळ म्हणजे मोड आलेल्या कडधान्याची, बहुधा अंगासरशी. इथं वाटाण्याचा पातळ रस्सा, वर मूठभर शेव, बाजूला लाल तिखट तरी आणि पाव. मराठी घरातून निघालेला शब्द गुजराती जिभेवर जाऊन शहराची ओळख होऊन बसला. पुण्याहून आलेली माझी मामेबहीण पहिल्यांदा म्हणाली, ही कसली उसळ. दुसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, ती उसळ कुठे मिळेल. 'ती' म्हणाली. घरची ती 'ही' आणि इथली ती 'ती'. एका शब्दात दोन पदार्थ तिनं चोवीस तासांत ठेवून घेतले.

स्पर्धा घेणाऱ्यांना माझं एवढंच मागणं आहे, आणि ते मी त्यांना पत्रानं कळवलंही आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर इथल्या मुलांचे कागद तपासताना ओळखीचा शब्द अनोळखी अर्थानं आला तर आधी वाक्य पुरतं वाचा. शंका राहिली तर शब्दाखाली रेघ मारा, शब्दावर नको, आणि समासात महाराष्ट्रातला अर्थही लिहा. 'आमच्याकडे याला कार्यालय म्हणतात' एवढ्या चार शब्दांनी मुलीला एक शब्द मिळाला असता आणि तिचा गेलाही नसता. शक्य असेल तर प्रश्नच तसा घाला : वाडी हा शब्द तीन वेगळ्या अर्थांनी वाक्यात वापरा.

पुढच्या रविवारी मी तोच प्रश्न माझ्या मुलांना घातला. घरी जाऊन आजी-आजोबांना विचारायची मुभा होती. एकानं आईला विचारून बालवाडीवर वाक्य आणलं. एकाच्या आजोबांचं घर बडोद्यातल्या वाडी नावाच्याच भागातलं, त्यानं मांडवीच्या पलीकडचा पत्ताच लिहून आणला. तो अर्थ माझ्याही यादीत नव्हता. निबंधवाली मुलगी शेवटी बोलली. तिची आजी माहेरची मिरजेची निघाली. तिनं वही उघडून वाचलं : 'आजीला वाडीला जायचं होतं, पण आत्याचं लग्न वाडीत ठरलं म्हणून ती थांबली, आणि आता आत्यालाच फुलांची वाडी भरायची आहे.' मग तिनं पान उलटलं आणि दुसऱ्या शब्दाला लागली. तो शब्द होता 'कार्य'.